चार महिने न भरलेली जखम: नागपुरात सापडलेला त्वचेचा लिशमॅनियासिस

रुग्ण चौतीस वर्षांचा. राहायला हिंगण्याच्या पलीकडे, धंदा सोलर पॅनेल बसवणाऱ्या फिटरचा. मे महिन्यात ओपीडीत आला तेव्हा तक्रार एवढीच होती: "दुखत तं नाही डॉक्टरसाहेब, पण भरून बी नाही राहिली." (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

जखमा तीन होत्या. उजव्या कोपराखाली तीनेक सेंटिमीटरची, सगळ्यात जुनी. डाव्या हाताच्या पाठीवर एक लहान. आणि डाव्या गालावर, जबड्याच्या रेषेजवळ, सव्वा सेंटिमीटरची. ती आदल्या महिन्यात उमटली होती. कोपराखालची जखम जानेवारीत मच्छर चावल्यासारख्या लाल पुटकुळीने सुरू झाली. पुटकुळी हळूहळू वाढली, मधोमध फुटली, वर खपली धरली. खपली पडायची, खालून ओलसर दिसायचं, पुन्हा खपली. ताप नाही, वजन घटलेलं नाही, भूक चांगली.

सोबत कागदांची पिशवी होती. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. मेडिकल स्टोअरमधून घेतलेली एक ट्यूब होती, तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र. आपल्याकडे खाज, नायटा, जखम सगळ्याला हीच ट्यूब लावतात. मध्येच कुणी हळद-चुना बांधला होता. त्यानंतर एका खासगी दवाखान्यात कोपराखालच्या जखमेची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: ग्रॅन्युलोमा आहे, क्षयाचे जंतू दिसले नाहीत, तरी त्वचेच्या क्षयाची शक्यता विचारात घ्यावी. त्या आधारावर टीबीची औषधं सुचवली गेली होती. सुरू झाली नव्हती, कारण बायको म्हणाली, सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, आधी आणखी एकाला दाखवू.

रिपोर्ट देणाऱ्याला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने एखाद्या चिवट शत्रूभोवती पेशींची गर्दी करून घातलेला वेढा. क्षय, कुष्ठरोग, काही बुरशीचे आजार, सारकॉइडोसिस, लिशमॅनियासिस (माशीतून पसरणारा परजीवीचा आजार), सगळ्यांत तो दिसू शकतो. आपल्या भागात कारण सापडत नसलेला ग्रॅन्युलोमा दिसला की पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यात क्षय पहिला येतो, आणि आकडेवारीच्या दृष्टीने ते चुकीचंही नाही. पण रिपोर्टमधली "शक्यता" चिठ्ठीवर उतरताना बऱ्याचदा निदान होऊन बसते.

तपासणीत मला थांबवलं ते जखमेच्या कडेने. कड उचललेली, लालसर-जांभळट, बोटाला टणक लागणारी. मधला भाग खोलगट, त्यावर घट्ट चिकटलेली खपली. ज्वालामुखीच्या तोंडासारखा हा आकार. खपली सलाइनच्या बोळ्याने भिजवून उचलली तर तिच्या खालच्या बाजूला बारीक काटेरी उंचवटे होते. दाबलं तरी रुग्ण कळवळला नाही. एवढी मोठी जखम आणि वेदना जवळजवळ नाही, ही गोष्ट नेहमीच्या जंतुसंसर्गाशी जुळत नाही.

विदर्भात अशी न दुखणारी जखम दिसली की पहिला हात कुष्ठरोगाकडे जातो, आणि जायलाच हवा. संवेदना तपासली: जखमेच्या भोवती कापसाचा स्पर्श, टाचणी, गरम-थंड सगळं नीट कळत होतं. कोपराजवळची अल्नर नस जाड नव्हती, पायाच्या नसाही नाहीत. शरीरावर फिकट चट्टे नव्हते. कुष्ठरोग मागे पडला.

स्पोरोट्रायकोसिस या बुरशीच्या आजारात हातावरून वर काखेकडे गाठींची माळ जाते. इथे तशी माळ नव्हती, पण ती नसतानाही हा आजार असू शकतो, म्हणून तो यादीत राहिला. त्वचेचा क्षय, त्यातला ल्युपस व्हल्गॅरिस हा प्रकार, वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो. चार महिन्यांत तीन वेगळ्या उघड्या जागी तीन जखमा त्याला शोभत नाहीत. त्वचेचा कर्करोग या वयात, तोही तीन ठिकाणी, दूरची गोष्ट. काखेतल्या गाठी, यकृत, प्लीहा हाताला लागले नाहीत. साखर नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह.

तिन्ही जखमा झोपताना अंगावर कपडा नसतो अशाच जागी होत्या: चेहरा, हाताची पाठ, कोपराखालचा भाग. इथून पुढचं सगळं एका प्रश्नावर अवलंबून होतं.

कागदांत सगळीकडे "राहणार: हिंगणा, जि. नागपूर" असं लिहिलेलं. कुठे राहता, हे आपण सगळेच विचारतो. मी विचारलं, "गेल्या वर्षभरात घराबाहेर कुठं कुठं झोपलात?" तो हसला. मग बायकोनेच सांगितलं, पोळा झाल्यावर बिकानेरला कामाला गेले होते, दिवाळीलाही घरी नव्हते, थंडी पडल्यावर आले. साइटवर पत्र्याच्या खोल्या होत्या. आत उकडायचं, म्हणून सगळे फिटर बाहेर खाटा टाकून झोपत. मच्छरदाणी? "मच्छर नव्हतेच तं मच्छरदाणी काहून?"

बिकानेर हे भारतात त्वचेच्या लिशमॅनियासिसचं सगळ्यात परिचित ठिकाण. तिथला परजीवी मुख्यतः लिशमॅनिया ट्रॉपिका. तो पसरवते वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची. उडताना गुणगुणत नाही, लांब उडत नाही, उड्या मारल्यासारखी थोडं थोडं अंतर कापते, बसताना पंख उभे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे ठेवते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आत शिरते. चावते फक्त मादी, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. "मच्छर नव्हतेच" हे त्याचं म्हणणं म्हणूनच खरं असू शकतं, आणि तरीही माशीने त्याला चावलेलं असू शकतं. ट्रॉपिकाच्या बाबतीत चावल्यापासून पुटकुळी दिसेपर्यंत अनेकदा दोन ते आठ महिने जातात. पावसाळा सरताना चावलेली माशी जानेवारीतल्या पुटकुळीशी जोडायची, तर माणसाला स्वतःहून ते सुचणं कठीणच.

नागपूरच्या डॉक्टरांना वाळूमाशी अनोळखी नाही, पण ती वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९६५ मध्ये नागपूरच्या चंडीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना जो विषाणू सापडला, त्याला आज जगभर चंडीपुरा विषाणू म्हणतात. लहान मुलांना मेंदूज्वर देणारा हा विषाणू वाळूमाशीच पसरवते. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याची साथ आली होती. त्यामुळे आपल्याकडे वाळूमाशी म्हटलं की तापाने फणफणलेलं, झटके येणारं लहान मूल डोळ्यांपुढे येतं. न दुखणारी जखम घेऊन आलेला धडधाकट फिटर त्या चित्रात बसत नाही.

लिशमॅनिया म्हटलं की दुसरं चित्र काळा आजाराचं: बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, पूर्व उत्तर प्रदेश, ताप, वाढलेली प्लीहा, रक्तक्षय. तो परजीवी लिशमॅनिया डोनोव्हानी, माशी फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस. एका निवासी डॉक्टरने लगेच आरके३९ पट्टीची चाचणी सुचवली. ती काळा आजारासाठी उपयोगी आहे. फक्त त्वचेपुरत्या आजारात रक्तातली प्रतिपिंडं इतकी कमी असतात की ही पट्टी बहुधा निगेटिव्ह येते, आणि त्या निगेटिव्हवर विसंबलं तर आजार निसटतो. त्वचेच्या लिशमॅनियासिसमध्ये परजीवी त्वचेतूनच काढून दाखवावा लागतो.

तो काढायची पद्धत विदर्भाला नवी नाही. कुष्ठरोगासाठी कानाच्या पाळीतून आणि चट्ट्यातून जो स्लिट स्मीअर, म्हणजे कातडीला चीर देऊन खरवडलेला नमुना, घेतात, तोच. वर्ध्याजवळचं दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ पासूनचं, वरोऱ्याचं आनंदवन त्यानंतरचं. या भागात एके काळी असे तंत्रज्ञ होते की ते चिमटीत कातडी धरायचे आणि रक्ताचा थेंब न येऊ देता द्रव काढायचे. कुष्ठरोगाच्या गोळ्या चट्टे मोजून द्यायला लागल्यापासून स्मीअरची गरज कमी झाली, आणि हे हातही कमी झाले. मला ही मोठी हानी वाटते. या केसमध्ये आमच्याकडचे एक निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ मदतीला आले आणि काम सोपं झालं.

स्मीअर कसा घेतला, ते सविस्तर सांगतो. निदान होतं की निसटतं, ते इथेच ठरतं. बाहेरून आणलेल्या रिपोर्टमध्ये "जखमेतील स्राव: पू पेशी, ग्राम पॉझिटिव्ह कोकाय" असं होतं, म्हणजे नमुना मधून, खपलीखालच्या ओलाव्यातून घेतलेला. तिथे मेलेल्या पेशी आणि वरून आलेले जिवाणू असतात. परजीवी असला तरी सापडत नाही. तो जगतो कडेला, टणक लाल भागातल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत. म्हणून खपली भिजवून काढायची, स्पिरिट लावून ते पूर्ण सुकू द्यायचं, कड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत इतकी घट्ट धरायची की ती पांढरी पडेल. मग पंधरा नंबरच्या ब्लेडने पाच मिलिमीटर लांब, दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्यायची, ब्लेड आडवं फिरवायचं आणि चिरेच्या भिंतीवरून खरवडून मांसल द्रव काढायचा. रक्त आलं तर पुसून पुन्हा. तो द्रव स्लाइडवर पातळ पसरवायचा, हवेत सुकवायचा, मिथेनॉलने पक्का करायचा आणि जीम्सा रंग द्यायचा. रंगासाठी ७.२ पीएचचं बफर घेतलेलं पाणी लागतं. नळाच्या पाण्यावर भागवलं तर केंद्रकांचा रंग फिका पडतो आणि बघणाऱ्याची पंचाईत होते. कुष्ठरोगाच्या सवयीने झील-नील्सन रंग दिला तर हा परजीवी ओळखू येईल अशी अपेक्षा धरू नये.

तिन्ही जखमांच्या कडेचे स्मीअर घेतले. कोपराखालच्या मोठ्या जखमेच्या स्लाइडवर ऑइल इमर्शनखाली बराच वेळ शोधूनही काही हाती लागलं नाही. हाताच्या पाठीवरच्या जखमेत एक-दोन संशयास्पद ठिपके. आणि सगळ्यात नव्या, गालावरच्या जखमेत मात्र पहिल्या काही क्षेत्रांतच मॅक्रोफेजच्या आत अंडाकृती, दोन ते चार मायक्रॉनची शरीरं दिसू लागली. प्रत्येकात जांभळट-लाल गोल केंद्रक आणि त्याच्या शेजारी, जरा आडवा, काडीसारखा गडद ठिपका, म्हणजे कायनेटोप्लास्ट. या एलडी (लिशमन-डोनोव्हान) बॉडी, परजीवीचं माणसाच्या शरीरातलं रूप.

कायनेटोप्लास्टचा आग्रह का, ते आमच्याकडच्या मुलांना त्या दिवशी पुन्हा सांगितलं. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशीही मॅक्रोफेजच्या आत, जवळपास याच आकाराची दिसते आणि तिच्याभोवती स्वच्छ कडा दिसते; पण तिला ही काडी नसते, आणि पीएएस (PAS) किंवा सिल्व्हर या बुरशीसाठीच्या रंगांत ती उठून दिसते. पेशीवर पडलेली प्लेटलेटही घाईत फसवते. केंद्रक आणि काडी दोन्ही एकाच शरीरात दिसल्याशिवाय "पॉझिटिव्ह" लिहू नये, असं माझं मत आहे. स्लाइड पुन्हा बनवायला लागते ती अर्ध्या तासाची गोष्ट, चुकीचं औषध महिनाभर चालतं.

जुन्या जखमेत निगेटिव्ह आणि नव्या जखमेत भरपूर, यात विसंगती नाही. सुरुवातीच्या महिन्यांत परजीवी खूप असतात. शरीराचा प्रतिकार जसा वाढतो तसा ग्रॅन्युलोमा जमतो आणि परजीवी विरळ होतात. पहिली बायोप्सी सगळ्यात जुन्या जखमेची झाली होती, म्हणून तिच्यात ग्रॅन्युलोमा दिसला आणि परजीवी दिसला नाही. रुग्ण मात्र नेहमी मोठी जखम पुढे करतो, कारण त्याला तिचीच काळजी असते. आपणही तिचाच नमुना घेतो. तीन जखमा असतील तर सगळ्यात नवी शोधावी.

पहिल्या बायोप्सीचा जपून ठेवलेला ब्लॉक मागवून पुन्हा काप घेतले, जीम्सा दिला. एखाद-दुसरं संशयास्पद शरीर, निर्विवाद काही नाही. गालावर व्रण वाढू नये म्हणून नवी बायोप्सी हाताच्या पाठीच्या जखमेच्या कडेतून घेतली आणि तिचे दोन तुकडे केले: एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा फॉर्मलिन न लावता पीसीआरसाठी. दुसरा चुकून फॉर्मलिनमध्ये गेला की कल्चरचा मार्ग बंद होतो आणि पीसीआरही कमजोर पडतो. गालाच्या स्मीअरचं जास्तीचं द्रव्यही पीसीआरला जोडून दिलं. संदर्भ प्रयोगशाळेचा निकाल काही आठवड्यांनी आला: लिशमॅनिया ट्रॉपिका.

प्रजाती कळून काय फरक पडतो, असा प्रश्न आमच्यातल्याच एकाने विचारला. पडतो. लिशमॅनिया मेजर या प्रजातीचा आजार, जो वाळवंटी उंदरांपासून आखाती देशांत आणि मध्य आशियात होतो, तो बहुधा काही महिन्यांत आपोआप भरतो. ट्रॉपिकाला वर्ष किंवा जास्त लागू शकतं, आणि काही जणांत भरलेल्या व्रणाच्या कडेने वर्षानुवर्षं नव्या गाठी उमटत राहतात. हा प्रकार ल्युपस व्हल्गॅरिससारखा हुबेहूब दिसतो. आणि डोनोव्हानीची गोष्ट तिसरीच: हिमाचलातल्या सतलजच्या खोऱ्यात आणि केरळच्या पश्चिम घाटात हीच प्रजाती, एरवी काळा आजार करणारी, नुसत्या त्वचेच्या जखमा करताना आढळली आहे. त्यामुळे रुग्ण कुठून आला यावरून प्रजातीचा अंदाज करता येतो, पण खात्री नाही.

एका गोष्टीचं मला कायम आश्चर्य वाटत आलं आहे. १८८५ मध्ये कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी "दिल्ली बॉइल" या जखमेत ही शरीरं पाहून त्यांचं वर्णन केलं होतं, लिशमन आणि डोनोव्हान यांच्या १९०३ च्या कामाच्या आधी अठरा वर्षं. म्हणजे हा आजार सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसला तोच भारतात, आणि तोही त्वचेतूनच. आज मात्र बिकानेर सोडलं तर आपल्या बहुतेक त्वचारोग विभागांत तो परीक्षेच्या प्रश्नासारखा राहिला आहे.

उपचारांत फार वेळ घालवत नाही. जखमा चारपेक्षा कमी, पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, प्रतिकारशक्ती चांगली. म्हणजे स्थानिक उपचार पुरे. गालावरची जखम हा वादाचा मुद्दा होता, कारण चेहऱ्यावर असेल तर पोटातून किंवा शिरेतून औषध देण्याचा सल्ला दिला जातो. ती लहान होती आणि ओठ-नाकापासून दूर, म्हणून स्थानिकच ठरवलं, लक्ष ठेवायचं या अटीवर. सोडियम स्टिबोग्लुकोनेटचं इंजेक्शन कडेत, कड पांढुरकी पडेपर्यंत, आठवड्यातून दोनदा. औषध मिळवायला वेळ लागला. दुसरा पर्याय होता उष्णतेचा: रेडिओफ्रिक्वेन्सीने ५० अंश सेल्सिअस, ३० सेकंद, बिकानेरच्या डॉक्टरांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केलेला आहे, पण ते यंत्र आमच्या हाताशी नव्हतं. इंजेक्शन दुखतं. "ह्या फोडीनं जेवढं दुखवलं नाही तेवढं ह्या सुईनं दुखवलं," असं तो दर वेळी म्हणायचा आणि पुढच्या वेळी वेळेवर यायचा.

घरातली भीती वेगळीच होती. बायकोने त्याचा टॉवेल, ताट, अंथरूण वेगळं केलं होतं, मुलाला जवळ जाऊ देत नव्हती. तिला सांगितलं, वहिनी, हा आजार स्पर्शाने, ताटातून, कपड्यांतून लागत नाही. मधे माशी लागते. तिने लगेच विचारलं, मग इथली माशी याला चावून पोराला चावली तर? प्रश्न अगदी बरोबर होता. ट्रॉपिका माणसाकडून माशीत आणि माशीकडून माणसात जाऊ शकतो, बिकानेर शहरात तो असाच फिरतो. त्यासाठी त्या परजीवीला वाढवणारी ठरावीक जातीची माशी लागते, फ्लेबोटोमस सर्जेंटी. आपल्या इथल्या सगळ्या वाळूमाश्या ते काम करत नाहीत. तरीही जखमा भरेपर्यंत संध्याकाळनंतर त्या झाकून ठेवायला सांगितलं आणि बारीक भोकांची मच्छरदाणी घ्यायला लावली. ताट-टॉवेल त्याच दिवशी परत एकत्र झाले.

तीन महिन्यांत तिन्ही जखमा भरल्या. कोपराखाली खोलगट, गडद व्रण राहिला, गालावर फिकट. ट्रॉपिका असल्याने वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी यायला सांगितलं, व्रणाच्या कडेला नवी गाठ दिसते का ते पाहायला.

नागपूरकडून अशा ठिकाणी जाणारे फक्त सोलर फिटर नाहीत. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, जवानांच्या बदल्या राजस्थानात होतात. आखाती देशांत वेल्डर, ड्रायव्हर म्हणून जाणारे कितीतरी. हे सगळे आजार इथे घेऊन येतात आणि नाव-पत्ता विचारला तर इथलाच सांगतात. ओपीडीच्या छापील फॉर्ममध्ये "गेल्या वर्षभरातला मुक्काम" अशी एक ओळ वाढवावी, असं आम्ही विभागात ठरवलं. फॉर्म अजून जुनाच आहे. रबरी शिक्का करून मारतो.

रुग्णाने आपल्या साइटवरच्या साथीदारांना फोन केले, ते आम्ही सांगितलं म्हणून नाही. भंडाऱ्याचा एक जण मानेवरची फोडी घेऊन आला. नवी होती, पहिल्याच स्मीअरमध्ये एलडी बॉडी भरपूर दिसल्या. त्याच्या मागोमाग गोंदियाचा दुसरा आला, पायाला जखम, हाही त्याच खाटांच्या रांगेत झोपलेला. त्याची जखम दुखत होती, कड मऊ होती, स्मीअर पुन्हा घेऊनही स्वच्छ. ते साधं एक्थायमा, म्हणजे जिवाणूंमुळे झालेली खोल जखम, निघालं आणि अँटिबायोटिकवर दहा दिवसांत भरलं.